रेल्वे एंडची तिसरी पायरी

बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने क्षणभर वाट पाहिली आणि बस निघून गेली. प्रमोदिनी गजभिये चढलीच नाही. थांब्याच्या काचेमागे लावलेल्या जाहिरातीकडे ती बघत उभी होती. जाहिरातीत ती स्वतःच होती.

गळ्यात मरून मफलर, एक हात वर, आणि तोंड एवढं मोठं उघडलेलं की डावीकडची चांदी भरलेली दाढसुद्धा दिसत होती. मागे काचेचं चकचकीत नवं स्टेडियम आणि लंडनच्या हाउन्सलोवर सहसा नसतं तसं निळंभोर आभाळ. खाली अवतरणचिन्हांत इंग्रजीतलं एक वाक्य होतं: ‘अखेर, आपल्या सगळ्यांचं घर.’ त्याखाली बारीक अक्षरांत तिचं इथलं नाव: पॅम, तेवीस वर्षांपासूनची चाहती.

हे वाक्य ती जन्मात कधी बोलली नव्हती.

त्या दिवशी ती वॉर्डवर वीस मिनिटं उशिरा पोचली. कुणी काही म्हटलं नाही. उलट औषधांची ट्रॉली ढकलणारी एक पोरगी हसून म्हणाली, “पॅम, तू तर फेमस झालीस!”

क्रेनब्रिज रोव्हर्स हा काही टीव्हीवर दिसणारा क्लब नव्हे. खेळाडू आठवडाभर कुठे कुठे नोकऱ्या करतात आणि शनिवारी फुटबॉल खेळतात. मिल लेनवरचं मैदान मात्र १९०८ सालचं. एका अंगाला लाकडी स्टँड, दुसऱ्या अंगाला रेल्वेचा बांध आणि त्या बांधाला पाठ लावून सिमेंटच्या अकरा पायऱ्या. त्या पायऱ्यांना रेल्वे एंड म्हणतात. तिथे खुर्च्या नाहीत. माणसं लोखंडी कठड्यांना रेलून उभी राहतात. हीथ्रोवर उतरणारी विमानं इतकी खालून जातात की गाणं मध्येच तोडावं लागतं, आणि विमान गेलं की सगळे नेमक्या त्याच शब्दापासून पुढे गायला लागतात. हे कुणी कुणाला शिकवत नाही. उभं राहून राहून येतं.

प्रमोदिनी २००१ साली नागपूरहून नर्स म्हणून आली. नवरा कमलाकर आणि मुलगा अजून मागेच होते. तिच्या वॉर्डमध्ये रॉन नावाचा एक म्हातारा होता, मिल लेनचं गवत तीस वर्षं राखलेला. दर शनिवारी संध्याकाळी तो तिला स्कोअर विचारायचा, आणि तिला काय विचारतोय तेच कळायचं नाही. मग ती क्लबला फोन करून विचारून ठेवायला लागली. रॉन ऑक्टोबरात गेला. पंधरा दिवसांनी त्याची बायको मॉरीन बिस्किटांचा डबा घेऊन वॉर्डवर आली आणि म्हणाली, “शनिवारी सुटी आहे? मग माझ्याबरोबर चल. त्याची जागा रिकामी बघवत नाही मला.”

ती जागा म्हणजे तिसरी पायरी, मधल्या कठड्याच्या डाव्या टोकाला.

पहिल्याच सामन्यात मागून एक जण ओरडला की ही पाकिस्तानी इथे कशाला आणली. टेरी त्याचं नाव. गोळ्या झाडाव्यात तसं हसला होता तो. मॉरीनने मागे वळून हातातला चहाचा थर्मास त्याच्या छातीवर हाणला. प्रमोदिनी हलली नाही. तिच्या वडिलांच्या गावात विहिरीजवळ कुणी कुठवर यायचं याची रेघ ठरलेली होती, आणि आजोबा एकदा ती ओलांडून गेले तेव्हाची गोष्ट ती लहानपणापासून ऐकत आली होती. जिथून हटवायला बघतात तिथून हटायचं नसतं, एवढं तिला ठाऊक होतं. पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्या शनिवारीही.

टेरीने माफी कधीच मागितली नाही. पण चौथ्या वर्षी ती शिफ्टमुळे उशिरा पोचली, तेव्हा तिच्या जागेवर टेरीचा कोट पसरलेला होता. कुणीतरी तिथे उभं राहू बघत होतं आणि टेरी सांगत होता, “नाही, ही पॅमची जागा आहे.” तेव्हापासून वीस वर्षं ती उशिरा आली की तिथे त्याचा कोट असे. दोघांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही.

आता ते मैदान विकायचं चाललं होतं. मिल लेनवर फ्लॅट होणार आणि क्लब चार मैलांवर मोटरवेच्या कडेला नव्या स्टेडियममध्ये जाणार. क्लबच्या घटनेत एक जुनं कलम होतं: सभासदांच्या सभेत दोन तृतीयांश मतं पडली तरच मैदान विकता येईल. सभा मार्चमधल्या एका रविवारी दुपारी होती. जाहिरात लागली तेव्हा सभेला नऊ दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सुटी होती. प्रमोदिनी थेट क्लबच्या ऑफिसात गेली.

क्लबचं प्रसिद्धीचं काम चैत्राली बघायची. सव्वीस वर्षांची, पुण्याची. लंडनमध्ये मास्टर्स करून इथे चिकटलेली. पहिल्या दिवशी प्रमोदिनीला मराठीत फोनवर बोलताना ऐकून ती अक्षरशः धावत आली होती. त्यानंतर गणपतीत, दिवाळीत ती प्रमोदिनीकडे जेवायला यायची. कमलाकर तिच्यासाठी मुद्दाम वडाभात करायचा.

“काकू! बसा ना. कॉफी?”

“नको. तो फोटो कुणी दिला?”

चैत्राली उठून दार लावून आली. “काकू, फोटो क्लबचाच आहे. लास्ट इयरच्या कप मॅचचा. तुम्ही इतक्या सुंदर दिसताय त्यात.”

“मी रेफरीला शिव्या घालतेय त्यात. आणि खाली जे लिहिलंय ते मी कधी बोलले?”

चैत्राली टेबलावरचे कागद सारखे करू लागली.

“अखेर म्हणजे काय गं? अखेर आपलं घर? मग तेवीस वर्षं मी कुणाच्या घरी उभी होते?”

“काकू, ती लाइन ॲड एजन्सीने दिली होती. मार्टिनला, म्हणजे आपल्या चेअरमनना, कुणीतरी... म्हणजे त्यांना तुमच्यासारखा चेहरा हवा होता. डायव्हर्स. मी म्हटलं, मी विचारते. पण मला माहीत होतं तुम्ही नाही म्हणाल. डेडलाइन होती. तो सारखा विचारत होता, कन्सेंट आली का, कन्सेंट आली का.” ती पुन्हा खुर्चीत बसली. “फॉर्मवर सही मीच केली. तुमची.”

बाहेर विमान गेलं. दोघी ते जाईपर्यंत थांबल्या.

“तुला काही कळतं का तू काय केलंस ते?”

“कळतं. काकू, तुम्ही कम्प्लेंट केली तर ते मला त्याच दिवशी काढतील. माझ्या व्हिसाची स्पॉन्सरशिप यांच्याकडे आहे. साठ दिवसांत देश सोडावा लागेल. घरी आईला मी काय सांगू, खोटी सही केली म्हणून परत पाठवलं?” ती रडायला लागली. मोठ्याने नाही, नाक दाबून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

प्रमोदिनीने तिला जवळ घेतलं नाही. रागाने तिचे कान तापले होते. पण तिला तिचं स्वतःचं पहिलं वर्षही आठवत होतं. औषधाच्या तक्त्यावर तिने चुकीची वेळ लिहिली होती, आणि वॉर्डच्या आयरिश सिस्टरने मॅट्रनसमोर शांतपणे सांगितलं होतं, ते मी लिहिलंय. त्या एका वाक्यावर प्रमोदिनीचं इथलं सगळं आयुष्य उभं होतं.

“तोंड धू,” ती म्हणाली आणि निघाली.

घरी कमलाकर कांदा चिरत होता. एअरपोर्टच्या कार्गोतून रिटायर झाल्यापासून स्वयंपाक त्याच्याकडे होता. फुटबॉलमधलं त्याला ओ का ठो कळत नव्हतं. मिल लेनला तो एकदाच आला होता, आणि हाफ टाइमला सामना संपला समजून घरी गेला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“फोटो तुझा, तोंड तुझं, अन् बोलणं त्यांचं? असं कुठं असते का?” तो म्हणाला. “सभेत उभी राह्य अन् सांगून दे. कायले भ्यायचं?”

“पोरगी जाईल.”

“सही करताना कळलं नाही का तिले?” मग जरा वेळाने, सुरी खाली ठेवून, “तसं फ्लॅट झाले तर वाईट काय म्हणा. लोकांना घरं नाहीत राह्यला. पण तू म्हणत असशील का जागा जायला नको, तर नको. माझं मत नाही तिथं, नाहीतर तुझ्या बाजूनं देलं असतं.”

सभेच्या आदल्या दिवशी ती मॉरीनकडे गेली. मॉरीन आता ब्याऐंशी वर्षांची होती, दोन वर्षांपासून व्हीलचेअरमध्ये. मिल लेनवर व्हीलचेअरसाठी जागा एकच, कोपऱ्यातल्या झेंड्याजवळ, डोक्यावर छप्पर नाही. एकदा पावसात भिजून तिला न्यूमोनिया झाला आणि तेव्हापासून तिचं येणं बंद झालं होतं.

प्रमोदिनीने चहा केला. जाहिरातीचं काही सांगायच्या आधीच मॉरीन म्हणाली, “तुझ्याशी खोटं नाही बोलणार, प्रॅम. मी हो म्हणून मत देणार आहे.”

प्रॅम म्हणजे बाबागाडी. या नावाने तिला एकटी मॉरीनच हाक मारायची.

“रॉन ऐकत असेल,” प्रमोदिनी म्हणाली.

“रॉन मेलाय. त्याला लिफ्ट लागत नाही. मला लागते. नव्या ठिकाणी लिफ्ट आहे, छप्पर आहे, माझ्या मापाचा संडास आहे. मला मरायच्या आधी अजून थोडे सामने बघायचेत, बस.” तिने कप ओठांपर्यंत नेला आणि तसाच खाली आणला. “तुला राग आला.”

“हो.”

“येऊ दे. तुझ्या जागी मी असते तर मलाही आला असता.”

रविवारी क्लबचा हॉल भरून गेला होता. जागा नाही म्हणून लोक खिडक्यांना पाठ लावून उभे होते. चेअरमन मार्टिन, चांगल्या शिवणीच्या कोटातला, पडद्यावर चित्रं दाखवत होता. चैत्राली लॅपटॉपजवळ बसून एकेक चित्र पुढे सरकवत होती. पार्किंग. कॅफे. मुलांसाठी मैदान. मग प्रमोदिनीचं तोंड आलं, भिंतीएवढं.

“आणि ही आपली पॅम,” मार्टिन म्हणाला. “जुनं मैदान सगळ्यांसाठी होतं असं आपण म्हणतो. पण प्रामाणिकपणे विचारा, खरंच होतं? पॅमला विचारा.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागून टेरी उठला. सत्तरीला आला होता तो, गुडघे गेले होते, पण आवाज तसाच होता.

“तिलाच विचारतो,” तो म्हणाला. “पॅम, हे तू म्हणालीस?”

सगळ्यांच्या माना वळल्या. प्रमोदिनी उभी राहिली. शिफ्ट संपवून, युनिफॉर्मवर कोट घालून ती आली होती. काय बोलायचं ते तिने बसमध्ये घोकलं होतं: हे वाक्य माझं नाही, मला विचारलं नाही, मी विरोधात मत देणार आहे. तीनच वाक्यं. इंग्रजीत ती सोपी होती.

लॅपटॉपच्या उजेडात चैत्रालीचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती प्रमोदिनीकडे बघतही नव्हती. डोळे मिटून घेतले होते तिने, इंजेक्शन घेताना लहान मुलं घेतात तसे.

“फोटो माझा आहे,” प्रमोदिनी म्हणाली.

“ते दिसतंय. तू हे म्हणालीस का?”

तिला वाटलं होतं की बोलायच्या क्षणी काहीतरी सुचेल. खरंही राहील आणि पोरगीही वाचेल असं काहीतरी. काही सुचलं नाही.

“हो,” ती म्हणाली. “मी म्हणाले.”

टेरी उभाच राहिला, आणखी काही यायचंय अशा आशेने. मग त्याने मान हलवली. “माझ्यामुळे असेल,” तो कुणालाच उद्देशून नाही असं पुटपुटला आणि खाली बसला. मार्टिनने टाळ्या वाजवल्या. बऱ्याच जणांनी वाजवल्या.

मतदान चिठ्ठीवर होतं. प्रमोदिनीने विरोधात फुली मारली, चिठ्ठीची चार वेळा घडी घातली आणि पेटीत टाकली. चारशे दोन मतं पडली. विकायला दोनशे अडुसष्ट हवी होती. दोनशे बहात्तर मिळाली.

बाहेर पडताना साउथॉलहून येणारे एक सरदारजी तिला भेटले. गेली चार वर्षं नातवाला घेऊन ते रेल्वे एंडला यायचे. हात जोडून म्हणाले, “बहनजी, हमारे घर के पाँच वोट थे. हम तो ना बोलने वाले थे. आपने कहा, तो सोचा आप इतने साल से हैं, आप ही जानती होंगी.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांना वाटलं तिला हिंदी समजलं नाही, म्हणून त्यांनी तेच पुन्हा इंग्रजीत सांगितलं.

घरी तिने कमलाकरला सगळं सांगितलं. तो गॅसजवळ गेला, चहा टाकला, आणि दूध उतू जाईपर्यंत तिथेच पाठमोरा उभा राहिला.

जुन्या मैदानावर आणखी एक वर्षभर सामने झाले. प्रमोदिनी प्रत्येक सामन्याला गेली. नोव्हेंबरात एकदा शिफ्ट लांबली आणि ती हाफ टाइमला पोचली. तिसऱ्या पायरीवर, कठड्याच्या डाव्या टोकाला, दोन अनोळखी तरुण उभे होते. टेरी त्यांच्या मागेच होता. कोट त्याच्या अंगात होता. तिने त्यांना काही म्हटलं नाही. वर जाऊन नवव्या पायरीवर उभी राहिली. तिथून अर्धा गोलपोस्ट दिसत नाही, दिव्याचा खांब मध्ये येतो.

एकदा तिने धीर करून त्याला गाठलं. चहाच्या रांगेत. “टेरी, मी नाही म्हणून मत दिलं होतं.”

“असं?” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. “मग तेव्हा सांगायचं होतंस.”

चैत्रालीने सप्टेंबरातच क्लब सोडला होता. मिल्टन कीन्सला एका मोठ्या कंपनीत तिला चांगली जागा मिळाली, स्पॉन्सरशिपसकट. जायच्या आधी ती भेटायला येणार होती, पण पॅकिंगमध्ये जमलं नाही. नंतर मेसेज आला: ‘काकू तुम्ही नसतात तर मी आज कुठे असते. कधीच विसरणार नाही.’ पुढे तीन हृदयं. दिवाळीला प्रमोदिनीने फोन केला तर तो व्हॉइसमेलवर गेला. कमलाकरने वडाभात केला होता, तो दोघांनी दोन दिवस खाल्ला.

शेवटचा सामना एप्रिलमधल्या शनिवारी झाला. एरवी नऊशे माणसं यायची, त्या दिवशी तीन हजार आली. ज्यांनी कधी तोंड दाखवलं नव्हतं ते फोन वर धरून रडत होते. शिट्टी वाजल्यावर लोक मैदानात घुसले. कुणी गवताचे तुकडे कापून पिशवीत भरले, कुणी स्टँडच्या लाकडी फळ्या उचकटल्या, कुणी संडासाच्या दारावरची पाटीसुद्धा काढून नेली. रेल्वे एंडला सिमेंट होतं. तिथून नेण्यासारखं काही नव्हतं. प्रमोदिनी पाचच मिनिटं थांबली आणि दुसऱ्या दिवशी अर्ली शिफ्ट होती म्हणून निघाली. गेटजवळ तिच्या तोंडाचं मोठं पोस्टर अजून होतं. त्यावर कुणीतरी काळ्या स्प्रेने एक शब्द लिहिला होता. चोवीस वर्षांपूर्वी मागून आलेला शब्द वेगळा होता. आता तो होता: विकली गेलेली.

नवीन स्टेडियमला ती जाणार नव्हती. सीझन तिकीट तिने घेतलंच नाही. जूनमध्ये मॉरीनचा फोन आला. व्हीलचेअरवाल्याला एकट्याला आत सोडत नाहीत, बरोबर माणूस लागतो. त्या माणसाला तिकीट फुकट असतं. मॉरीनचा मुलगा स्पेनमध्ये. “दुसऱ्या कुणाला मी सांगू शकत नाही, प्रॅम,” ती म्हणाली. “आणि तुला सांगायला मला तोंड नाही, तेही कळतंय.”

ऑगस्टमधल्या पहिल्या शनिवारी टॅक्सीने दोघी गेल्या. लिफ्ट होती. छप्पर होतं. जागा इतकी चांगली होती की सगळं मैदान तळहातावर ठेवल्यासारखं दिसत होतं. मॉरीनच्या नावाचा पास फोनवर स्कॅन झाला, तिचं नाव हिरव्या अक्षरांत उमटलं. प्रमोदिनीच्या पासवर नाव नव्हतं. गेटवरच्या मुलाने तिच्या हातात मरून फितीला लावलेलं एक कार्ड दिलं आणि ते गळ्यात दिसेल असं घालायला सांगितलं. त्यावर ‘केअरर’, म्हणजे काळजीवाहक, असं छापलेलं होतं.

तिने ते घातलं.

मॉरीन खूश होती. त्र्याऐंशीची म्हातारी शाळेच्या पोरीसारखी इकडेतिकडे बघत होती. इथून विमानंही दिसत होती, पण दूरवर आणि आवाजाशिवाय. लोक न थांबता गात होते.

शेजारच्या व्हीलचेअरमध्ये एक तरुण मुलगा होता आणि त्याच्याबरोबर त्याचे वडील. भला माणूस होता. त्याने मॉरीनची शाल सरळ करणाऱ्या प्रमोदिनीकडे पाहिलं, तिच्या गळ्यातलं कार्ड वाचलं आणि गप्पा मारायच्या हेतूने विचारलं, “फार मायेने करता तुम्ही. कुठल्या केअर एजन्सीकडून येता?”

मॉरीनला ऐकू गेलं नाही. ती मैदानात उतरणाऱ्या खेळाडूंकडे बघत हात हलवत होती.

“हाउन्सलोहून येते,” प्रमोदिनी म्हणाली.

तो हसून मान डोलवत पुढे वळला. खाली नाणेफेक झाली. प्रमोदिनीने वाकून मॉरीनच्या खुर्चीचा ब्रेक पायाने दाबून पाहिला, लागला होता, तरी पुन्हा एकदा दाबला, आणि मग तिच्यासाठी ठेवलेल्या खुर्चीवर बसली.